रस्त्याची पडवी

मे महिन्याच्या मध्यास मुंबईत एक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली नाहीशी होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. वर्षातला दुसरा असा दिवस जुलैच्या अखेरीस येतो, पण तो ढगांत हरवून जातो. मी उर्दू आणि मराठीचा शिक्षक. भूगोल माझा विषय नाही. तरी मे महिन्यातली ती दुपार मला लहानपणापासून ठाऊक आहे. सुट्टीत अब्बांचा डबा घेऊन मी मुंब्र्याहून लोकलने व्हीटीला जायचो. अब्बा दादाभाई नौरोजी रोडवर, एका जुन्या इमारतीच्या कमानीखाली, घड्याळाचे पट्टे आणि पेन विकत.

स्टेशनातून बाहेर पडलं की डांबर तापलेलं असायचं. चपलेतूनही चटका लागायचा. रस्ता ओलांडून कमानीखाली शिरलं की जिवात जीव यायचा. अब्बा म्हणायचे, “साया है तो गिऱ्हाईक है.” ऊन-पावसातही लोक त्या वाटेने चालत होते, म्हणून आमचं घर चालत होतं. ही वाट तिथे कुणी आणि का ठेवली, हा प्रश्न मात्र मला बीएड होऊन बरीच वर्षं झाल्यावर पडला. उत्तर शोधत गेलो तेव्हा वाट थेट सिंगापूरपर्यंत पोहोचली.

कोरडी गरमी, ओली गरमी

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. नागपूर-औरंगाबादकडे उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो. तोच कूलर मुंबईत लावला तर खोली आणखी चिकट होते. हवेत आधीच इतका ओलावा असतो, की पाणीही सुकत नाही आणि अंगावरचा घामही. घाम सुकला तरच शरीर थंड होतं. म्हणून दमट शहरात चालणाऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. थेट ऊन अडवणारी सावली हवी आणि घाम सुकवणारा वारा हवा.

बगदाद, इस्फहानसारख्या कोरड्या प्रदेशातल्या जुन्या शहरांनी अरुंद गल्ल्या आणि उंच भिंती पसंत केल्या. तिथे दुपारचा वारा म्हणजे झळ आणि धूळ. तो अडवलेलाच बरा. समुद्रकाठच्या शहरात अशी बंदिस्त गल्ली गुदमरून टाकते. पण वाऱ्यासाठी रस्ता रुंद करावा, तर डोक्यावर ऊन येतं. विषुववृत्ताजवळ तर भर दुपारी इमारतीची सावली रस्त्यावर फारशी पडतच नाही. मग करायचं काय? रस्ता रुंद ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही काठांना छप्पर द्यायचं. आपल्या कोकणी घराला पडवी असते ना, तशी रस्त्याला पडवी!

१८२२ चा नियम

ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स याने १८१९ मध्ये सिंगापूरला कंपनीचं ठाणं वसवलं. त्याआधी १८११ ते १८१६ या काळात तो जावाचा लेफ्टनंट गव्हर्नर होता, म्हणजे दमट उष्णतेचा त्याला पुरेसा अनुभव होता. १८२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने नगररचनेच्या समितीला लेखी सूचना दिल्या. त्यातली एक अशी, की विटांच्या प्रत्येक घराने रस्त्याच्या बाजूला ठराविक खोलीची पडवी सोडावी. ती सदैव मोकळी असावी आणि शेजारच्या पडवीला जोडलेली असावी. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना सलग, झाकलेली पायवाट तयार होणार होती.

या सूचनेतला खरा मुद्दा कमानीचा नाहीच. जमीन घरमालकाची, छप्पर त्याच्या खर्चाचं, वर राहणारं कुटुंब त्याचं. पण खालून जाण्याचा हक्क मात्र वाटसरूचा! रॅफल्स साम्राज्याचा नोकर होता. त्याच आराखड्यात त्याने चिनी, युरोपीय, अरब, बुगी आणि दक्षिण भारतातून आलेले चुलिया मुसलमान यांच्या वस्त्या वेगवेगळ्या पाडल्या. लोकांना असं वेगळं करणाऱ्या आराखड्यातच, कुणाच्याही दारासमोरून कुणालाही सावलीतून जाऊ देणारा नियम होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या वाटेला पुढे ‘पाच फुटी वाट’ म्हटलं जाऊ लागलं. मलय भाषेत ‘काकी लिमा’. काकी म्हणजे पाऊल, लिमा म्हणजे पाच. प्रत्यक्षात ती अनेक ठिकाणी पाच फुटांहून रुंद आहे. पेनांग आणि मलाक्कातही अशा वाटा झाल्या. भाषेच्या शिक्षकाला गंमत वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. इंडोनेशियात आज ‘काकी लिमा’ म्हणजे फेरीवाला. काहींच्या मते हे नाव त्या वाटेवरूनच आलं. दुसरे म्हणतात, हातगाडीचे तीन पाय आणि माणसाचे दोन मिळून पाच. काहीही असो, वाटेचं आणि तिच्यावर पोट भरणाऱ्याचं नाव एकच निघालं.

पडवीवरून दंगल

नाव एक झालं, पण भांडण मिटलं नाही. सावली असली की तिथे माणूस थांबतो, आणि माणूस थांबला की विक्रेता येतो. सिंगापूरच्या दुकानदारांनी माल पडव्यांत मांडला, फेरीवाले बसले, कारागिरांनी कामं थाटली. चालणारा पुन्हा उन्हात, घोडागाड्यांमध्ये ढकलला गेला. नगरपालिकेने पडव्या रिकाम्या करायला घेतल्या, तेव्हा १८८८ च्या फेब्रुवारीत शहरात दंगल उसळली. दुकानं बंद झाली, दगडफेक झाली. इतिहासात तिला ‘व्हरांडा दंगल’ म्हणतात. शेवटी प्रशासनाला सूर नरम करावा लागला. माल थोडाफार राहिला तरी चालेल, पण माणसाला जायला वाट हवी, अशी तडजोड झाली.

याच सुमारास आपल्या मुंबईतही रस्त्यांचा विचार सुरू होता. फोर्टच्या तटबंदीच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या गेल्या. तिथला हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड, रुंद झाला आणि दोन्ही बाजूंना व्यापारी इमारती उभ्या राहू लागल्या. १८९६ मध्ये नियम झाला, की इथल्या इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडली पाहिजे. म्हणूनच आजही त्या रस्त्यावर एक इमारत गॉथिक, दुसरी ग्रीक खांबांची, तिसरी घुमट मिरवणारी असली, तरी खालची पडवी सगळ्यांना एका ओळीत बांधते. प्रत्येक मालकाने आपल्या मर्जीची इमारत बांधली. पायवाट मात्र कुणाच्या मर्जीवर सोडली नाही.

त्याच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्यांत समुद्राचा वारा शिरावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले. हेतू शास्त्रीय होता, पण त्यासाठी गरिबांच्या चाळी पाडल्या गेल्या आणि असंख्य भाडेकरूंना दुसरीकडे आसरा शोधावा लागला. वारा शहराला मिळाला. किंमत मोजली ती ज्यांच्याकडे सर्वांत कमी होतं त्यांनी.

अब्बांची जागा

इथे मला माझ्याच घराबद्दल खरं बोललं पाहिजे. एकदा अम्मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन माझ्यासोबत आली होती. कमानीखाली दोन्ही बाजूंना पथाऱ्या लागलेल्या. मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा. गर्दीत बाळ रडायला लागलं, तशी अम्मी कमानीबाहेर, उन्हात, बसच्या बाजूने चालू लागली. तिला सावलीतून बाहेर काढणाऱ्या पथाऱ्यांत अब्बांचीही एक होती. आणि उचलायला गाडी आली, की तेच अब्बा चादरीची चार टोकं धरून पळत. एकदा पळता आलं नाही. महिन्याचा माल गेला आणि त्या वर्षी माझी फी उशिरा भरली गेली.

त्यामुळे “फेरीवाले हटवा” असं कुणी म्हटलं, की मला फी आठवते. “फेरीवाल्यांना हात लावू नका” असं कुणी म्हटलं, की उन्हात चालणारी अम्मी आठवते.

सिंगापूरने यातून वाट काढली, ती बळाचा वापर करूनच, पण पर्याय देऊन. १९७१ ते १९८६ या काळात रस्त्यावरचे खाद्यविक्रेते पाणी, गटार आणि छप्पर असलेल्या सार्वजनिक केंद्रांत हलवले गेले. त्याच फेरीवाल्यांच्या खाद्यसंस्कृतीची २०२० मध्ये युनेस्कोने दखल घेतली. झाकलेल्या वाटेची कल्पनाही त्या शहराने सोडली नाही. २०१३ नंतर मेट्रो स्थानकांपासून शाळा, दवाखाने आणि वस्त्यांकडे जाणाऱ्या सुमारे २०० किलोमीटर छपराच्या पायवाटांचा कार्यक्रम तिथे हाती घेतला गेला. आपल्याकडेही २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. विक्रेत्याला ठरलेली जागा द्यावी, हेच तो सांगतो. कायदा कागदावर आहे, चादर अजून रस्त्यावर आहे.

आपल्या परंपरेला हा विषय नवा नाही. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात जागा सोडावी, असं हदीसमध्ये येतं. लोकांच्या वाटेत किंवा सावलीत घाण करणाऱ्याला तिथे सक्त ताकीद आहे. रस्त्यालाही हक्क असतात, हे आपण मुलांना मदरशात पाठ करून घेतो. मग दुकानाची पायरी दोन फूट पुढे घेताना ते आपल्याला का आठवत नाही?

आज आमच्या भागात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतात. तळमजल्यावर गाड्या, पुढे कुंपणाची उंच भिंत. ना दुकान, ना झाड, ना छप्पर. या पुनर्विकासाच्या बैठकांना आपण जातो, कार्पेट एरियावरून तासन्‌तास भांडतो. त्याच बैठकीत कुणीतरी उठून विचारायला हवं, की भिंत पाच फूट आत घेऊन वर छप्पर टाकता येईल का? फेरीवाल्याचा कोपरा नकाशातच आखता येईल का? १८९६ च्या मालकांना जे जमलं, ते आपल्या सोसायटीला का जमू नये?

ऑक्टोबरमध्ये दुपारची शाळा भरते तेव्हा मी फाटकाशी उभा असतो. मुलं त्या भिंतीच्या कडेने येतात. बहुतेकांच्या डोक्यावर दप्तर असतं. पुस्तकं पाठीवर घ्यायची असतात, हे त्यांना सांगायचं मी आता सोडून दिलं आहे.