नसलेल्या वस्तीचे भाडे

नोकरीच्या निमित्ताने मी चंदीगडास राहतो. स्वातंत्र्यापूर्वी हे शहर नकाशावर नव्हते. शिवालिकच्या पायथ्याशी आंब्यांच्या राया, शेते आणि काही खेडी, एवढाच येथील संसार होता. लाहोर गेल्यामुळे पंजाबला राजधानी हवी झाली, म्हणून ती खेडी उठली आणि सेक्टरांच्या चौकटी आखल्या गेल्या. या नव्याकोऱ्या शहराला १९७४ साली संसदेने एका अधिनियमाद्वारे १९४९ चा पूर्व पंजाब भाडेनियंत्रण कायदा लागू केला. त्या कायद्याचे चौथे कलम मौजेचे आहे. वाजवी भाडे ठरवताना प्रथम मूळ भाडे काढावयाचे, आणि त्यासाठी १ जानेवारी १९३९ पूर्वीच्या बारा महिन्यांत त्या वस्तीत तशा जागेला काय भाडे पडत होते ते पाहावयाचे! जेथे १९३८ साली फार तर एखादी म्हैस बांधलेली असेल, तेथील दिवाणखान्याचे त्या साली भाडे किती होते, हे कोणी सांगावे?

परंतु श्रोतेहो, ही तारीख लहरीने निवडलेली नव्हती. युद्ध सुरू झाले की शहरे फुगतात आणि भाडी भडकतात. तेव्हा भडका उडण्यापूर्वीच्या दिवसाला खुंटी ठोकावयाची, असा तो विचार होता. मुंबईची खुंटी १ सप्टेंबर १९४० ही. त्या दिवशी जे भाडे असेल ते १९४७ च्या कायद्याने प्रमाणभाडे ठरले. जागा त्या दिवशी भाड्याने दिलेली नसेल, तर त्याआधी शेवटी जे घेतले ते. आणि आधी कधीच दिली नसेल, तर पुढे प्रथम जे घेतले ते.

आता याचा घरपट्टीशी संबंध कोठे येतो? मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याने घराचे करयोग्य मूल्य ठरे ते त्याच्या विक्रीच्या किमतीवरून नव्हे. वर्षाकाठी त्या घराला वाजवीपणे जे भाडे मिळू शकेल, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून ते काढीत. हे कल्पित भाडेकरूचे गणित विलायतेच्या जुन्या करपद्धतीतून आपल्याकडे आले. प्रमाणभाड्याहून अधिक घेणे कायद्यानेच निषिद्ध असेल, तर अधिक भाडे 'वाजवीपणे' मिळेल असे पालिकेला कसे म्हणता येईल? सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली कलकत्त्याच्या आणि १९७९ साली दिल्लीच्या खटल्यात हाच न्याय दिला. परिणाम असा की एकाच गल्लीतील दोन सारख्या घरांची पट्टी केवळ वयावरून कितीतरी पटींनी वेगळी होऊ लागली. भाडे गोठले, पट्टी गोठली. पाऊस आणि वाळवी मात्र गोठली नाही. १९६९ साली मोडकळीस आलेल्या चाळींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले, आणि २०१० पासून मुंबईने भांडवली मूल्याचा मार्ग धरला.

यात आपणच वेडे ठरलो असे नाही. इंग्लंडात घरांवरील कराचे आठ वर्ग आहेत आणि ते १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर आधारलेले आहेत. काल बांधलेल्या घराचीही १९९१ ची किंमत तेथे कल्पावी लागते. जर्मनीच्या पश्चिम भागात १९६४ ची आणि पूर्व भागात १९३५ ची मूल्ये चालत. २०१८ साली तेथील घटना न्यायालयाने पश्चिम भागातील मूल्यांची पद्धत घटनाविरोधी ठरवली.

जुने मूल्य शोधणे हे खरे पाहता इतिहासकाराचे काम आहे. शेजारची खरेदीखते, पालिकेची आकारणी वही, भाडेपावत्यांची स्थळप्रत, आणि यांतले काही न मिळाल्यास म्हाताऱ्या माणसांची आठवण. माझ्या आजोळी गिरगावात एक लहानशी चाळ होती. सुमारे वीस वर्षांपूर्वी तिच्या पट्टीवर हरकत घेण्याची वेळ आली, तेव्हा एम.ए.ला इतिहास घेतलेला भाचा म्हणून मामाने मला ट्रंकेपुढे बसवले. सात खोल्यांच्या १९४० च्या पावत्या मिळाल्या. प्रत्येकी आठ रुपये. आठव्या खोलीची काही केल्या मिळेना. मोठ्या मावशीला विचारले. ती म्हणाली, "अरे, ती खोली आपल्याकडेच होती. गोदीत स्फोट झाला ना, त्यानंतर मांडवीची ती मंडळी राहायला आली."

गोदीतील स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. मी त्या सालची वही उघडली आणि मे महिन्याची पावती हाती आली. भाडे चौदा रुपये. शेजारच्या तशाच खोल्यांना त्याही महिन्यात आठच होते. घर जळून उघड्यावर पडलेल्या कुटुंबाकडून माझ्या आजोबांनी सहा रुपये अधिक घेतले होते, आणि ते आयुष्यभर घेतले. मामा पावतीकडे पाहत काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ही लावू नये. आठच सांगू. पट्टीही कमी बसेल."

पावती मी लावली. त्या खोलीचे करयोग्य मूल्य चौदा रुपयांवरून धरले गेले. कायद्याने तेच बरोबर होते. मामा त्यानंतर वर्षभर माझ्याशी मोजकेच बोलत असे.