कमानपाट्यांचा पूर्वेतिहास

ज्या काळी बीड जिल्ह्यावर निजामाचा अंमल होता आणि १९३२ साली त्या रियासतीच्या रेल्वेखात्याने २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा आरंभिली, त्या काळी या मुलखातील कच्च्या सडकांचे आघात जो सोशी, तो गाडीखालचा कमानपाटा (लीफ स्प्रिंग) होय. लंडनच्या ओबाडाया इलियटने १८०४ च्या सुमारास घोडागाडीसाठी सिद्ध केलेली पोलादी कमान १९०८ साली फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये आडवी बसली.

उतरत्या लांबीने रचलेले पाटे भार येताच परस्परांवर घसरतात. हे घर्षण धक्का शमविते खरे, परंतु गंज चढला, की तेच कमानीला ताठर करते. म्हणून जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करणारा कारागीर पाट्यांचा संच आवळून धरून मधला बोल्ट सोडतो, प्रत्येक पाटा रॉकेलने धुऊन व घासून निर्मळ करतो, कमान बसली असल्यास पाटे तापवून, वाक देऊन, तेलात विझवून, पुन्हा मंद आचेने त्यांचा ठिसूळपणा घालवितो, आणि अखेर ग्रॅफाइटयुक्त वंगण लावतो.

निकामी पाट्याचे पोलादही फुकट जात नाही. लोहाराच्या भट्टीत त्याचा कोयता घडतो. आणि ऊसतोडणीस दरसाल परमुलखी जाणाऱ्या मजुरांच्या या बीड जिल्ह्यात मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचलसुद्धा, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशाच हिशेबाने ठरते.