फडताळ, पेटी आणि कपाट

मेळघाटच्या सागवानासाठीं परतवाड्याचा लांकूडबाजार फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. ज्या गांवच्या लांकडानें दूरदूरच्या घरांचीं दारें व खिडक्या घडल्या, त्याच गांवांतील बेताच्या मिळकतीच्या घरांत निजण्याच्या खोलींतलें लहानसें कपाट उघडावें, तर निम्मे कपडे अंगावर कोसळतात! जागा अपुरी आहे, नवें कपाट घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं, असा निर्णय मग घाईनें होतो. परंतु वऱ्हाडी घराचा इतिहास पाहिला असतां या अडचणीचें मूळ निराळ्याच ठिकाणीं सांपडतें.

जुनें धाब्याचें घर मातीच्या चांगल्या जाड भिंतींचें असे. त्या जाडींतच कोनाडा, दिवळी आणि फडताळ सामावलेलीं असत. त्यामुळें वस्तु ठेवण्यासाठीं खोलीची वीतभर जमीनहि अडत नसे. फडताळास खर्च तो काय, दोनचार फळ्यांचा. रोजचें वस्त्र दांडीवर, ठेवणीचें पेटींत. शिवाय लुगडें, धोतर, उपरणें हीं वस्त्रें न शिवलेलीं. नऊवारी लुगड्याचीहि चौकोनी घडी हातभर जागेंत बसे, व घडीवर घडी रचली तरी कांहीं बिघडत नसे.

1853 च्या तहानें हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं झाला. याच फौजेची छावणी एलिचपुराशेजारीं होती. एलिचपूर म्हणजे आजचें अचलपूर, आणि ती छावणी म्हणजे परतवाडा. छावणी, कचेरी व शाळा यांच्याबरोबर सदरा, कोट, विजार असा शिवलेला पोशाख मध्यम वर्गांत रुळत गेला. या पोशाखास खांदे आणि बाह्या असतात; तो घडींत चुरगळतो, त्याला टांगण्यास जागा लागते. आगगाडीच्या प्रवासाबरोबर पत्र्याची ट्रंक घरोघर आली. मुंबईस गोदरेज यांनीं 1923 मध्यें पोलादी कपाटें करण्यास आरंभ केला. पुढें विटांच्या पातळ भिंती आल्या, त्यांत फडताळास ठाव उरला नाहीं, आणि कपाट खोलीची जमीन अडवून उभें राहिलें.

याहून महत्त्वाचा फरक दुसराच आहे. पूर्वीं वस्त्रास घरांत येण्याची वाट होती, तशी जाण्याचीहि होती. विरलेल्या लुगड्याचीं तान्ह्या मुलासाठीं दुपटीं होत, उरलेल्याची गोधडी शिवली जाई, आणि कांहीं कपडे बोहारणीच्या टोपलींत जाऊन त्यांच्या मोबदल्यांत एखादें भांडें घरांत येई. कपाटाच्या दारानें ही दुसरी वाट बुजविली. दार लोटलें कीं पसारा दिसेनासा होतो. मग त्याचा निकाल लावण्याची निकडहि राहत नाहीं.

म्हणून थोड्या पैशांत कपाट लावावयाचें तर आरंभ खरेदीनें करूं नये, तें रिकामें करण्यानें करावा. आश्विनांतील कोरडें ऊन याला उत्तम. सर्व कपडे उन्हांत घालावे. वर्षभरांत अंगाला न लागलेले निराळे काढून देऊन टाकावे, किंवा गोधडीस लावावे. रोजचे कपडे हाताच्या उंचीवर, सणाचे जुन्या धोतरांत बांधून वरच्या फळीवर, जड अंथरूण तळाशीं ठेवावें. मध्यें उंच पोकळी उरत असेल, तर वखारींतील उरल्यासुरल्या तुकड्याची एक फळी बसवावी. दाराच्या आंतल्या अंगास चार खुंट्या ठोकाव्या. कडुनिंबाचा वाळलेला पाला घड्यांमध्यें ठेवावा.

एकत्र कुटुंबांत सुनेला आपली म्हणावी अशी जागा बहुधा एकच असे. ती म्हणजे माहेरची पेटी. तिची किल्ली ती जपून ठेवी. आज चार माणसांचें एकच कपाट असतें आणि त्यांतील निम्मी जागा कोणाच्याच उपयोगी न पडणाऱ्या वस्तूंनीं अडविलेली असते. ती मोकळी झाली, तर घरांतील प्रत्येकाला, आणि विशेषतः सर्वांचे कपडे आवरतां आवरतां स्वतःसाठीं जागा न उरलेल्या गृहिणीला, हक्काचा एक कप्पा मिळेल. त्यासाठीं नवें कपाट नको. जुन्या घराची ती जाण्याची वाट तेवढी पुन्हा उघडली पाहिजे.