झोपेत दात खाणे : एका जुन्या समजुतीचा मागोवा

रात्री मूल करकर दात खाऊ लागले की आमच्या यवतमाळकडे निदान ठरलेले : पोटात जंत झाले! फाल्गुनात केळापूर-घाटंजीकडील रानात पळस फुलतो. त्याच्या शेंगेतले चपटे बी, म्हणजे पळसपापडी, जंतांवरचे जुने औषध. ती कडू मात्रा आम्हीही नाक दाबून घेतली आहे. गुन्हा दातांचा, शिक्षा पोटाला!

वाग्भटाने जंतांच्याही पलीकडचे कारण सांगितले आहे. अष्टांगहृदयात स्कंदग्रहाने पछाडलेल्या बालकाच्या लक्षणांत दात खाणे येते. पण त्याच्या शेजारी अंग ताठणे, एक बाजू लुळी पडणे हीही लक्षणे आहेत. म्हणजे वैद्यापुढे भयंकर आजाराचे मूल होते, नुसते दात खाणारे नव्हे. हा भेद विसरला की घरोघर ग्रहबाधा दिसू लागते. (दातखीळ बसणे ही गोष्ट तर निराळीच, धनुर्वातात जबडा आवळला, तर तडक इस्पितळच गाठावे.)

युरोपीय पंडितांनी तरी काय केले? 1901 साली व्हिएन्नाच्या कारोलीने हिरड्यांच्या रोगाचे खापर दात खाण्यावर फोडले. 1907 साली फ्रान्समध्ये मारी व पिएत्किएविच यांनी त्याला ‘ब्रुक्सोमानी’ म्हटले. म्हणजे वेडातच जमा! पुढे दात नीट जुळत नाहीत म्हणून हे होते, असे ठरवून दंतवैद्यांनी कित्येकांचे धड दात घासून काढले. घासलेला दात पुन्हा वाढत नाही. आमची पळसपापडी त्या मानाने बरी म्हणायची.

झोपेच्या प्रयोगशाळांनी पुढे निराळेच दाखविले. मेंदूला क्षणभर अर्धवट जाग येते, नाडी जलद होते आणि मागोमाग जबड्याचे स्नायू आवळतात. 2018 साली तज्ज्ञांनी एकमताने सांगितले की, निरोगी माणसात हा रोगच नव्हे. मुलांची ही खोड बहुधा वयाबरोबर सुटते. 2015 पासून शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक गोळी मिळते, ती जंतांसाठी अवश्य द्यावी, दातांसाठी नव्हे.

मोठ्यांचे मात्र तसे नाही. मनाचा ताण, तंबाखू, दारू यांच्याशी दात खाण्याचा संबंध आढळला आहे. आमच्या जिल्ह्यात कापसाच्या भावाची आणि कर्जाची काळजी उशाशी घेऊन निजणारी माणसे थोडी नाहीत. त्यांतला कुणी सकाळी कानशिले दुखतात म्हणाला, तर त्याचे दात पाहावेत. आणि रात्री झोप लागते का, हेही विचारावे.