खरं सोनं मोडून बेन्टेक्स घालायचं ठरवताय? आधी हे हिशेब समजून घ्या

लग्नाचा मांडव. नवरीच्या मावशीच्या गळ्यात नवा कोरा चपलाहार. शेजारच्या खुर्चीवरची बाई हार बोटानं उचलून हळूच विचारते, "हे खरं हाये का बेन्टेक्सचं?"

अकोल्यात काय, अमरावतीत काय, हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. सोन्याचा १० ग्रॅमचा भाव २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा एक लाखाच्या पुढे गेला आणि तेव्हापासून अनेक घरांत एकच विचार सुरू झाला. कपाटातलं सोनं मोडायचं, आलेल्या पैशात मुलाची फी भरायची किंवा कर्ज फेडायचं, आणि कार्यक्रमाला घालायला तसाच दिसणारा खोटा दागिना आणायचा. पैसाही हातात आणि गळाही भरलेला.

हे करण्यात बेकायदेशीर काहीच नाही. पण या व्यवहारात पैसे कुठे गळतात, कर कधी लागतो आणि मुळात तो दागिना विकण्याचा हक्क कोणाचा, हे माहीत नसेल तर नुकसान होतं. एकेक मुद्दा पाहू.

सोनं ही वऱ्हाडातली जुनी बँक

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण कापसाच्या जोरावरच्या सुबत्तेची. दिवाळीनंतर कापूस घरात यायचा, विकला जायचा आणि हातात राहिलेल्या पैशातून एखादा दागिना व्हायचा. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्याला पैसे लागले की तोच दागिना सराफाकडे किंवा सावकाराकडे जायचा. म्हणजे दागिना दोन कामं करत होता. तो मिरवायलाही होता आणि अडीअडचणीलाही.

खोटा दागिना यातलं पहिलं काम चोख करतो. दुसरं तो करू शकत नाही. सोनं मोडताना आपण खरं तर घरातला अडचणीचा आधार मोडत असतो. म्हणून हा निर्णय हौसेचा नाही, हिशेबाचा आहे.

'एक ग्रॅम'चा दागिना म्हणजे काय?

'वन ग्रॅम गोल्ड' या नावामुळे अनेकांना वाटतं की दागिन्यात एक ग्रॅम सोनं आहे. तसं समजू नका. आत तांबं किंवा पितळ असतं आणि त्यावर विजेच्या साहाय्यानं सोन्याचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. हा थर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. आंध्र प्रदेशातलं मछलीपट्टणम अशा मुलामा दिलेल्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे मात्र कुठूनही आलेला खोटा दागिना सरसकट 'बेन्टेक्स'च.

घाम, अत्तर आणि साबण यांनी थर झिजतो आणि आतली धातू दिसू लागते. काही दागिन्यांत निकेल असतं, त्यानं कातडीवर खाज किंवा पुरळ येऊ शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, असा दागिना परत विकायला गेलात तर सोन्याचा भाव मिळत नाही. तो कपड्यासारखा खर्च समजायचा, बचत नाही.

मोडताना पैसे कुठे कमी होतात?

सोनं विकताना तुम्हाला दागिन्याचे नाही, धातूचे पैसे मिळतात. घडणावळ आणि जीएसटी परत येत नाही. उदाहरणासाठी सोपे आकडे धरू. २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये असेल तर २२ कॅरेटचा साधारण ९१,६०० होतो.

- २० ग्रॅमचा २२ कॅरेट दागिना: सोन्याची किंमत १,८३,२०० रुपये
- त्यावर १२ टक्के घडणावळ: २१,९८४ रुपये
- एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी: सुमारे ६,१५६ रुपये
- खरेदीला लागलेले: सुमारे २,११,३४० रुपये
- त्याच भावात विकताना, २ टक्के घट धरून मिळणारे: सुमारे १,७९,५३६ रुपये

भाव तसूभरही न हलता ३१,८०० रुपयांचा फरक पडला. जुन्या दागिन्यावर भाववाढीनं हा फरक झाकला जातो, नव्या दागिन्यावर तो सरळ अंगावर येतो. म्हणून मोडायचंच असेल तर आधी जुना, साधा, कमी खड्यांचा दागिना काढा. खडे, काळे मणी आणि आतली लाख यांचं वजन सोन्यात धरलं जात नाही. पोत किंवा लाखेचा दागिना असेल तर निव्वळ सोनं किती, हे आधी विचारून घ्या.

घट किती धरायची हे दुकानागणिक बदलतं. त्यामुळे किमान दोन-तीन ठिकाणी विचारणं हाच उपाय. आणि टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, तुमच्या डोळ्यांसमोर काढायला सांगा. यंत्रावरची तपासणी प्रामुख्यानं वरच्या थराची असते, वितळवून काढलेला टंच जास्त खात्रीचा. पण एकदा वितळवलं की दागिना परत येत नाही, लगडच हातात येते. भाव आणि घट ठरल्याशिवाय वितळवायला हो म्हणू नका.

हॉलमार्कचा फायदा विकतानाही होतो

१६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. त्या पहिल्या यादीत अकोला आणि अमरावती दोन्ही होते. १ एप्रिल २०२३ पासून तर दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय दुकानदाराला तो विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना यातून सूट आहे. '२२के९१६' म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, '१८के७५०' म्हणजे हजारात ७५० भाग. हा एचयूआयडी 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की दागिन्याची शुद्धता आणि तो कुठे तपासला हे दिसतं.

तुमच्या आजीच्या पाटल्यांवर हॉलमार्क नसेल तरी घाबरू नका. सक्ती विकणाऱ्या दुकानदाराला आहे, तुम्हाला नाही. जुनं सोनं तुम्ही सराफाला विकू शकता. शंका असेल तर बीआयएसच्या मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून आधी तपासून घ्या. कागद हातात असला की भाव करताना बळ येतं.

कर लागतो का?

घरातलं सोनं विकणाऱ्या सामान्य माणसाला जीएसटी लागत नाही. नफ्यावर आयकर मात्र लागू शकतो.

सोनं २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ घरात असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. हा नियम २३ जुलै २०२४ पासूनचा. त्यापेक्षा कमी काळ असेल तर नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर बसतो.

वारशानं किंवा भेट म्हणून मिळालेल्या सोन्यात आधीच्या मालकाची खरेदी किंमत आणि काळ धरतात. खरेदी २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. तेव्हा तोळा साडेचार हजारांच्या आत होता, म्हणजे आजच्या भावात जवळपास सगळी रक्कम नफाच दिसेल.

शेतकरी कुटुंबांची इथे हमखास चूक होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून सोन्याचे पैसेही करमुक्त, असं समजलं जातं. सोनं विकून झालेला नफा हे शेतीचं उत्पन्न नाही. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर कर येणार नाही, पण मोठी रक्कम असेल तर सीएला विचारून घ्या.

पैसे बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रक्कम रोखीनं घेणाऱ्यावर तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय व्यापाऱ्याला एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० पेक्षा जास्त रोख दिली की तो खर्च करात दाखवता येत नाही. त्यामुळे सरळमार्गी दुकान स्वतःच खात्यात पैसे टाकतं.

महागड्या घड्याळाचं गणित वेगळं

दुबईहून आणलेलं स्विस घड्याळ विकून त्याची 'फर्स्ट कॉपी' मनगटावर बांधणारेही आहेत. वरवर पाहता प्रकार तोच, कायद्याच्या नजरेत मात्र नाही. बेन्टेक्सचा हार कोणाचं नाव चोरत नाही. कॉपी घड्याळावर दुसऱ्या कंपनीचं नाव छापलेलं असतं. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. स्वतः वापरण्यासाठी घेतलेल्यावर या कलमांचा रोख नाही, पण तेच घड्याळ उद्या कोणाला खरं म्हणून विकलं तर ती फसवणूक.

कराचंही उलटं आहे. स्वतःच्या वापराच्या वस्तू भांडवली नफ्याच्या करातून वगळलेल्या आहेत, दागिने नाहीत. त्यामुळे वापरातलं स्टीलचं घड्याळ विकलं तर हा कर नाही. सोन्याचं किंवा हिरे जडवलेलं असेल तर ते दागिन्यात धरलं जाऊ शकतं.

मोडण्याऐवजी गहाण?

गरज सहा-आठ महिन्यांची असेल, म्हणजे पेरणी ते कापूस विक्री, तर मोडण्याआधी सोनेतारण कर्जाचा विचार करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार घरखर्चासाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, अडीच ते पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. कर्ज फिटल्यावर सात कामकाजी दिवसांत दागिना परत द्यायचा, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असंही त्यात आहे.

सावकाराकडे जात असाल तर परवाना पाहा आणि गहाण वस्तूची पावती घ्या. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

आणि खोटा दागिना खरा म्हणून गहाण ठेवणं ही हुशारी नाही, फसवणुकीचा गुन्हा आहे.

तो दागिना आहे कोणाचा?

हा मुद्दा बहुतेक घरांत बोललाच जात नाही. लग्नात माहेरहून, सासरहून किंवा नातेवाइकांकडून बाईला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये स्पष्ट केलं की त्यावर पूर्ण मालकी तिचीच आहे, आणि नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी ते परस्पर हडपलं तर तो विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. २०२४ मध्ये न्यायालयानं पुन्हा हेच सांगितलं. अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खालीही स्त्रीधन परत मागता येतं.

म्हणून 'तिला कळायच्या आत तसाच दिसणारा आणून ठेवू' हा विचार सगळ्यात महागात पडतो. पैशाची तूट भरून निघते. कधीतरी मुलीच्या लग्नात सराफानं तो हार कसावर घासला आणि मान हलवली, की घरातलं जे तुटतं ते भरत नाही.

निघण्याआधी एवढं करा

- दागिन्याची मूळ पावती शोधा आणि दागिन्याचे फोटो काढून ठेवा.
- ज्या बाईचा दागिना, तिची संमती घ्या. पैसे शक्यतो तिच्या खात्यात जाऊ द्या.
- वजन, टंच, घट आणि भाव चारही गोष्टी लिहिलेली पावती मागा.
- सगळं एकदम मोडू नका, गरजेपुरतंच मोडा.
- खोटे दागिने खऱ्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा आणि घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा. वाटणीच्या वेळी त्यावरून भांडणं नकोत.

मांडवातल्या त्या प्रश्नाचं उत्तर 'बेन्टेक्सचं' असं सरळ देता आलं, तर हा व्यवहार बरोबर झाला असं समजा. पाहुण्यांना नाही सांगितलं तरी चालेल, घरच्यांना मात्र सांगितलेलं हवं.