हे कशावरून?

आमच्या आजोबांचा वाढदिवस १ जूनला. त्यांच्या धाकट्या भावाचाही १ जूनलाच. आपल्या ओळखीतल्या वयस्कर मंडळींना विचारून पाहा, त्यांच्यातही १ जूनचे बरेच निघतील. यात ग्रहताऱ्यांचा चमत्कार काही नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला गुरुजींपुढे उभं केलं की बापाला तारीख आठवायची नाही. 'मोठा पूर आला त्या साली झाला' एवढंच तो सांगायचा. मग गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. पुढे शाळेच्या दाखल्यावरून नोकरीचा कागद झाला, त्यावरून पेन्शनचा, त्यावरून आणखी दोन. आज सगळे कागद एकमुखानं १ जून सांगतात. पण ते चार साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराच्या चार नकला आहेत. 'हा गुरुजींचा अंदाज' असे तीन शब्द रजिस्टरात कुणी लिहिले नाहीत, एवढीच काय ती चूक.

आज मला याच चुकीबद्दल बोलायचं आहे. फक्त रजिस्टर शाळेचं नाही, संगणकाचं आहे.

आपण गुगलवर एखाद्या शहराचं नाव टाकलं, की बाजूला एक चौकट येते. राज्य अमुक, लोकसंख्या तमुक. ही माहिती लेखातून नव्हे, तर लहान लहान विधानांच्या प्रचंड जाळ्यातून येते. 'पुणे – राज्य – महाराष्ट्र' हे असं एक विधान. अशी कोट्यवधी विधानं एकमेकांत गुंफली की जे तयार होतं, त्याला 'नॉलेज ग्राफ' म्हणतात. मे २०१२मध्ये गुगलनं आपल्या जाळ्याला हे नाव दिलं आणि ते सर्वतोमुखी झालं.

लेखाखाली तळटीप देता येते. विधान मात्र सुटं असतं. ते उचलून दुसरीकडे ठेवणं फार सोपं, आणि उचलताना त्याची तळटीप मागेच राहणं त्याहून सोपं.

मग काय होतं, याचा एक किस्सा जर्मनीत घडला. फेब्रुवारी २००९मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे तिथे अर्थव्यवहार मंत्री झाले. हे गृहस्थ सरदार घराण्यातले. त्यांची पाळण्यातली नावंच दहा. कुणा खोडकरानं जर्मन विकिपीडियावर मध्येच 'विल्हेल्म' हे अकरावं नाव घुसडून दिलं. वर्तमानपत्रांनी ते तसंच उचललं, एका खपाऊ दैनिकानं तर पहिल्या पानावर छापलं. विकिपीडियाच्या संपादकांना शंका आली, त्यांनी पुरावा मागितला. पुरावा म्हणून काय पुढे आलं? बातमीच! नक्कल अस्सलाची साक्षीदार झाली. त्या खोडकरानं स्वतःच कबुली दिली म्हणून हे उघडकीला आलं. जिथे कबुली देणारा कुणी नसतो, तिथे विल्हेल्म सुखानं नांदत असतील.

याच काळात अमेरिकेत 'फ्रीबेस' नावाचं जाळं वाढत होतं. 'मेटावेब' कंपनीनं ते २००७मध्ये लोकांसाठी खुलं केलं. २०१०मध्ये गुगलनं ती कंपनीच विकत घेतली. फ्रीबेसमधली बरीचशी माहिती विकिपीडियातून आलेली. प्रत्येक विधान कुणी आणि केव्हा घातलं, याची नोंद तिथे होती. पण ते कशावरून घातलं, हे पुष्कळदा नव्हतं. हा फरक बारीक वाटतो, पण सगळी मेख त्यातच आहे. रजिस्टरावर गुरुजींची सही होतीच की!

पुढे ऑक्टोबर २०१२मध्ये बर्लिनमधून 'विकिडेटा' सुरू झाला. याची रीत निराळी. अमुक गोष्ट खरी आहे, असं तो म्हणत नाही; अमुक ठिकाणी असं म्हटलं आहे, असं नोंदवतो. विधानाला स्रोत जोडायला स्वतंत्र जागा असते. एकाच शहराच्या लोकसंख्येचे दोन आकडे, आपापल्या आधारांसह, शेजारी शेजारी बसू शकतात. आणि नुसतं जन्मवर्ष ठाऊक असेल तर तेवढंच लिहिता येतं, १ जून जोडावा लागत नाही.

डिसेंबर २०१४मध्ये गुगलनं जाहीर केलं की फ्रीबेस बंद होणार, आणि त्यातली माहिती विकिडेटाला देऊ. एवढं घबाड आयतं मिळत असताना कुणीही पोतं उपडं करून घेतलं असतं. विकिडेटाच्या मंडळींनी तसं केलं नाही. एक खास साधन तयार झालं. फ्रीबेसमधलं विधान त्यात समोर यायचं, स्वयंसेवक ते तपासायचा आणि मग घ्यायचं की नाकारायचं ते ठरवायचा. काम अर्थातच गोगलगाईच्या चालीनं झालं. २ मे २०१६ला फ्रीबेसचं दार कायमचं लागलं, तेव्हा त्यातला फार मोठा भाग बाहेरच राहिला होता.

हा सोवळेपणा होता का? विकिडेटाचं स्वतःचं घर तरी कुठे स्वच्छ होतं? यंत्रांनी निरनिराळ्या भाषांच्या विकिपीडियांतून लाखो विधानं आणून ओतली होती. त्यांवर 'अमुक विकिपीडियातून आयात' एवढीच चिठ्ठी. पण या चिठ्ठीला खरा पुरावा मानायचं नाही, असा तिथला दंडक आहे. ती सांगते की माल कुठल्या गाडीनं आला. कुठल्या शेतात पिकला, ते सांगत नाही. तरी चिठ्ठी असलेली बरी. निदान दोन नकलांना दोन साक्षीदार समजण्याची चूक टळते.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९७मध्येच सुचवलं होतं, की पानावर 'असं होय?' विचारणारं एक बटण हवं. ते दाबलं की त्या मजकुरावर का विश्वास ठेवायचा, हे संगणकानं सांगावं. एप्रिल २०१३मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं यासाठी 'प्रॉव्ह' नावाची पद्धत मंजूर केली. तिच्या मुळाशी तीनच गोष्टी आहेत: वस्तू, क्रिया आणि कर्ता. काय तयार झालं, कशातून झालं, कुणी केलं. शाळेतल्या व्याकरणासारखंच!

ते बटण मात्र अजून आपल्या हातात आलेलं नाही. विकिडेटातली विधानं कुणीही, कसलीही अट न पाळता नेऊ शकतो. स्रोतही बरोबर न्यावा, अशी कायद्याची सक्ती नाही. आता तर संगणक आपल्याशी गोड बोलून पूर्ण वाक्यात उत्तर देतो, आणि ते उत्तर कुठून आलं हे विचारायचंही आपण विसरतो.

आजोबांची खरी जन्मतारीख आता कधीच कळणार नाही. ज्यांना ठाऊक होतं ते गेले, आणि कागद तर ठामपणे बोलतात. अंदाज चुकतात, त्याला इलाज नाही. पण अंदाज म्हणून लिहून ठेवलेला अंदाज पुढच्या माणसाला शोध घ्यायला वाव देतो. खात्री म्हणून लिहिलेला अंदाज ते दारच बंद करतो. म्हणून कुठलीही माहिती पुढे पाठवताना दोन शब्द जास्त लिहावेत: हे कशावरून.