उंबऱ्याशी आलेला माणूस

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असा आग्रह झाला, तेव्हा एखादी पाककृती द्यावी असे मनात होते. परंतु गेल्या वैशाखात आमच्या दारी घडलेला एक लहानसा प्रसंग मनातून जाईना. म्हणून दारी टपाल व सामान पोचविणाऱ्यांचा थोडा इतिहास, आणि त्यांच्याशी आपण कसे वागलो, हेच लिहिते.

माझे माहेर साताऱ्याकडचे, सासर सांगलीचे. साताऱ्यास छत्रपतींची गादी होती त्या काळी पत्रे जासूद व काशीद नेत. इंग्रजी अमलात घुंगुरकाठी घेतलेला हरकारा टपालाची थैली घेऊन टप्प्याटप्प्याने धावू लागला. १८५४ साली पाव तोळ्याच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा दर ठरला. १८८० साली मनीऑर्डर निघाली, आणि पुढे तिने आमच्या भागातील कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या. कारण घरोघरचे पुरुष मुंबईच्या गिरणीत, नाही तर पलटणीत. साताऱ्याजवळच्या एका अपशिंगे गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा मुलखात पोस्टमनची वाट कशी पाहिली जात असेल, ते निराळे सांगावयास नको.

माझ्या लहानपणी पोस्टमनमामा आमच्या सोप्यात टेकत. आई आधी गूळपाणी देई, मग काय आणले ते विचारी. तिला अक्षरओळख नव्हती. मामा साक्षीदार बोलावून तिचा अंगठा घेत, नोटा दोनदा मोजून देत, आणि कुपनावरील वडिलांच्या चार ओळी वाचून दाखवीत.

पण एवढेच सांगून थांबले तर इतिहास अर्धाच सांगितला असे होईल. सांगावा, मयताची बातमी, सरकारी टपाल गावोगाव पोचविण्याचे काम महार वतनदारांकडे असे. रात्र असो, पाऊस असो, त्यांना जावेच लागे. त्यांना मात्र कोणी सोप्यात बसवीत नसे. पाणी वरून ओंजळीत, भाकरी दुरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्याच शाळेत दाखल झाले होते. त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्याने.

आता तो प्रसंग. भर दुपारी एक मुलगा सुनेचे पार्सल घेऊन तीन मजले चढून आला. मी चष्मा शोधला, मग फोन शोधला, मग ओटीपी. तो घाम पुशीत उभाच. शेवटी म्हणाला, "आजी, जरा पाणी मिळेल का?" मी आत गेले, आणि माझा हात आपसूक फडताळातील वेगळ्या ठेवलेल्या पेल्याकडे गेला. त्याची जात मी विचारली नव्हती, नावही नाही. तरी हात तिकडेच गेला! मनात चर्र झाले. नेहमीच्या तांब्याभांड्यात पाणी नेले, पण तोवर त्याला पुढचा फोन आला होता. दोन घोट घेऊन तो जिने उतरला.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची नोंद प्रथमच झाली. परंतु कायदा आपल्या उंबऱ्यापर्यंतच येतो. आतली रीत आपणच पाळावयाची. म्हणून मी घरात काही गोष्टी ठरविल्या आहेत. दारावर घरनंबर ठळक असावा, जिन्यातला दिवा चालू असावा, कुत्रे बांधलेले असावे. पैसे सुटे व ओटीपी तयार ठेवावा. सामान जड असल्यास घरच्या कोणी खाली उतरावे. उशीर झाला तर त्याच्यावर तोंड टाकू नये. रस्ता त्याने खोदलेला नसतो. "ए" न म्हणता "दादा" म्हणावे, बाई आली तर "ताई". आणि पाणी मागण्याआधी विचारावे.

तो वेगळा पेला मी त्याच संध्याकाळी इतर भांड्यांत मिसळला. आता तो कोणता, ते मलाही ओळखू येत नाही.